नाना शंकरशेट : एका दात्याचे स्मरण

स्मरणिकेची जुळवाजुळव सुरू झाली म्हणजे यंदा पूर्वजांपैकी कोणाचे चरित्र द्यावे हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो, आणि फिरून फिरून आमची दृष्टी एकाच नावावर येऊन ठरते. आपल्या दैवज्ञ ज्ञातीत कै. जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव ज्या घरी ठाऊक नाही असे घर विरळा. परंतु नाव ठाऊक असणे निराळे आणि त्या पुरुषाने काय दिले, कसे दिले, हे जाणणे निराळे. मुंबईच्या नाना चौकातून आपल्यापैकी कित्येकजण नित्य ये-जा करतात. २०२५ साली भुयारी मेट्रोच्या एका स्थानकासही त्यांचेच नाव मिळाले. तरुण मंडळींना ते नाव केवळ एका थांब्याचे वाटू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराण्याचे आडनाव मुरकुटे. पण लोकांच्या तोंडी वडिलांचे नावच इतके रुळले की पुढे तेच आडनावाच्या जागी बसले आणि मुरकुटे हे नाव चरित्रग्रंथांपुरते उरले. पूर्वजांनी कोकणातून मुंबईस येऊन व्यापारात मोठी संपत्ती मिळविली होती. १८२२ साली वडील शंकरशेट निवर्तले आणि अवघ्या १९ वर्षांच्या तरुणावर त्या सर्व पसाऱ्याचा भार येऊन पडला. त्या वयात हाती आलेला पैसा किती घराण्यांना बुडवितो हे आपण जाणतोच! नानांनी पेढीची पत उलट वाढविली. अरब आणि अफगाण व्यापारी आपला ऐवज बँकेत न ठेवता विश्वासाने त्यांच्या स्वाधीन करीत, अशी त्यांची ख्याती होती.

ज्या वर्षी पितृछत्र हरपले त्याच वर्षी, गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने, मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी नेटिव्ह स्कूल सोसायटी उभी राहिली. शाळा काढाव्यात आणि शाळांना लागणारी देशी भाषांतील पुस्तके तयार करावीत, हे तिचे काम. मुलांच्या हाती द्यावयास मराठीत छापील क्रमिक पुस्तकेच नव्हती, तो हा काळ होय. या कामात नाना तरुणपणीच शिरले आणि अखेरपर्यंत त्यांतून बाहेर पडले नाहीत. १८२७ साली एल्फिन्स्टनसाहेब निवृत्त होऊन जाऊ लागले, तेव्हा त्यांच्याविषयीच्या कृतज्ञतेने मुंबईकरांनी दोन लाख रुपयांहून अधिक निधी जमविला. तो त्यांच्या नावे अध्यापक नेमून उच्च शिक्षण देण्याकडे लागला आणि त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उदयास आले. उपकार फेडण्याची ही रीत आम्हांस फार मोलाची वाटते. ज्याचे ऋण मानावयाचे तो विलायतेस निघून गेला. त्याच्या नावाचा लाभ मात्र येथल्या मुलांना झाला.

१८४० साली सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले व नाना त्याचे सभासद झाले. येथे त्यांचा खरा कस लागला. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश, विद्वान आणि अधिकारसंपन्न गृहस्थ. थोड्याशा वरिष्ठ वर्गास इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, असा त्यांचा आग्रह. नानांचा इंग्रजीला विरोध मुळीच नव्हता. परंतु परक्या भाषेच्या द्वारे बहुजनांपर्यंत ज्ञान कधीही पोहोचणार नाही, ते पोहोचवावयाचे तर मातृभाषेतूनच, हे मत त्यांनी १८४७ साली लेखी नोंदविले. फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि कर्नल जर्व्हिस हे त्यांच्या बाजूस होते. सरकारदरबारी ज्याची ऊठबस, त्या व्यापाऱ्याने अध्यक्षाशी उघड मतभेद धरणे त्या काळी सोपे नव्हते. वाद बराच चालला आणि उच्च शिक्षणापुरता पेरीसाहेबांचा पक्ष वरचढ ठरला. प्राथमिक शाळांत मात्र मराठी टिकली. पैशाची देणगी पुष्कळजण देतात. आपली सरकारदरबारची पत पणास लावणारा दाता क्वचितच आढळतो.

आमच्या ज्ञातिभगिनींनी तर पुढील हकीकत अवश्य ध्यानात ठेवावी. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील अध्यापक व विद्यार्थी यांनी एक ज्ञानप्रसारक सभा स्थापिली. दादाभाई नौरोजी तिचे एक उत्साही कार्यकर्ते होते. दुसऱ्याच वर्षी या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि फावल्या वेळात विनावेतन शिकवू लागले. पण मुलींना शिकविणे म्हणजे घराला कलंक, अशी समजूत सर्वत्र असता शाळेला जागा कोण देणार? नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात ती भरवू दिली. स्वतः नाना आचारविचाराने जुन्या वळणाचे, देवधर्म निष्ठेने पाळणारे. म्हणूनच त्यांच्या वाड्याच्या दारातून आत जाणारी मुलगी पाहून टीकाकारांचा निम्मा आवाज बंद झाला असावा, असा आमचा तर्क आहे. एखाद्या नवमतवाद्याने तीच जागा दिली असती तर तिचा एवढा उपयोग झाला नसता.

त्यांच्या इतर उद्योगांची यादी देऊ लागलो तर ही स्मरणिका पुरणार नाही. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. त्या उपक्रमात सर जमशेटजी जीजीभाईंबरोबर नानाही अग्रभागी होते. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन निघाली तिच्या संस्थापकांत ते होते. ग्रँट रोडवरील नाटकगृहासाठी त्यांनी जागा दिली, आणि १८५३ साली विष्णुदास भाव्यांचे मराठी खेळ मुंबईकरांनी तेथेच पाहिले. डॉ. भाऊ दाजींबरोबर वस्तुसंग्रहालयासाठीही ते झटले. १८५७ च्या धामधुमीत सरकारने त्यांच्यावर संशय धरला, पण काहीच शाबीत झाले नाही. १८६२ साली त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदेमंडळात घेतले.

नुसत्या लौकिकासाठी माणूस चार-दोन वर्षे देणग्या देईल. १८२२ पासून चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्याला सभा, अहवाल, वर्गणीच्या याद्या आणि परक्यांच्या मुलांच्या शाळा यांचा कंटाळा आला नाही, त्याला त्या देण्यातच सुख सापडले होते असे म्हटल्यावाचून गत्यंतर नाही.

३१ जुलै १८६५ रोजी नानांचे देहावसान झाले. तो महिना मुंबईच्या इतिहासात दुसऱ्याच कारणाने स्मरणात राहिला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि त्या पैशावर मुंबईत शेअरांचा सट्टा माजला होता. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि १ जुलै रोजी व्यवहारांची मुदत भरताच कालचे लक्षाधीश दिवाळखोर ठरले. बँका बुडाल्या, कंपन्या नाहीशा झाल्या. त्या पडझडीतही नानांनी ज्यांना हात दिला होता त्या शाळा भरतच होत्या.

नानांच्या पश्चात एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा बसविण्यात आला. मुलाबाळांना घेऊन तो एकवार पाहून यावा अशी आमची सूचना आहे. पण दुसरे स्मारक आम्हांस अधिक प्रिय आहे. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात चमकणाऱ्या विद्यार्थ्यास मुंबई विद्यापीठातर्फे जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळू लागली. ती कोणा एका ज्ञातीपुरती राखलेली नव्हती. जो गुणांनी पुढे येईल त्याची ती. कित्येक घरांत ती मिळाल्याची वार्ता येताच पेढे वाटले जात. १९१२ साली ती रायगड जिल्ह्यातील एका चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबातल्या मुलाने पटकावली. त्याचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. १९४३ साली तो रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला.