शाळाच बालकाच्या अंगणात गेली : ताराबाई मोडक

सुरतेहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वलसाड, वापी, संजाण, उमरगाव अशी स्टेशने मागे पडतात आणि महाराष्ट्राची हद्द लागताच घोलवड हे लहानसे स्टेशन येते. तेथून जवळच समुद्रकाठी बोर्डी गाव आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी या वाटेने अनेकदा प्रवास केला असेल. आज घराघरांत बोलला जाणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द ज्या कामातून रूढ झाला, ते काम या बोर्डी गावी सुरू झाले हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. ते करणाऱ्या ताराबाई मोडक यांचे चरित्र लहान मुलांना शिकविणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. माहेरचे घराणे केळकरांचे, प्रार्थना समाजाच्या सुधारक विचारांचे. मुलींनी शिकणे हीच नवलाई असलेल्या त्या काळात त्या १९१४ साली मुंबईत पदवीधर झाल्या. पुढील वर्षी अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला. तो संसार सुखाचा ठरला नाही आणि १९२१ साली उभयता विभक्त झाली. पदरी लहान मुलगी, आणि समाजाची नजर कशी असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. ताराबाईंनी राजकोट येथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिका घडविण्याचे काम पत्करले व तेथे त्या प्राचार्या झाल्या.

त्याच सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळले होते. त्यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. मारावे, दटवावे, पाठ करून घ्यावे ही जुनी रीत त्यांनी तेथून हद्दपार केली. ताराबाई ते पाहून भारावल्या आणि प्राचार्यपद सोडून १९२३ साली त्यांच्या कामात सामील झाल्या. मराठी भाषेत वाढलेल्या या बाईंनी गुजराती आपलीशी केली आणि त्या भाषेत लेखनही केले. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली.

बालमंदिरातील कामाला आधार होता तो इटलीच्या मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोम शहरातील मजुरांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले. तान्हेपण संपलेले मूल हातांनी शिकते, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांच्या साधनांत ठोकळे, मणी, घंटा यांच्याबरोबर कापडालाही मान आहे. निरनिराळ्या कापडांचे जोडीजोडीने तुकडे असतात. मूल डोळे बांधून बोटांनी चाचपते आणि जोडी लावते. लाकडी चौकटींवर कापडाचे दोन पदर बसविलेले असतात; एकीवर बटणे, दुसरीवर हूक, तिसरीवर नाडी. त्यावर हात बसला की मूल आपला सदरा आपण घालू लागते.

पद्धत मजुरांच्या मुलांसाठी निघाली खरी. परंतु तिची साधने सुबक आणि महाग झाली, आणि जेथे पैसा तेथेच ती जाऊ लागली. ताराबाई भावनगरहून मुंबईस आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. तेथील काम नावाजले गेले. तरीही खेड्यातील आणि रानातील बालकाचे काय, हा प्रश्न त्यांचा पाठलाग करीत राहिला. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत, त्याच्या वाट्याला हे शिक्षण कधी येणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या शहरातील मानमरातब सोडून बोर्डीला गेल्या. ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. सोबतीला आल्या अनुताई वाघ, लहानपणीच वैधव्य आलेल्या, पुण्यास शिक्षिका असलेल्या. दोघींना लवकरच कळून चुकले की शाळा मांडून वाट पाहत बसले तर गरिबाचे मूल येत नाही. तेव्हा शाळेनेच उठून जायचे ठरले. कुणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, खेळवायचे. हीच अंगणवाडी.

साधनांचाही प्रश्न तेथेच सुटला. समुद्रकाठचे शंख-शिंपले मोजायला, खडे आणि बिया रांगा मांडायला, पाने आणि फुले रंग व आकार ओळखायला. मुलाच्या परिचयाची वस्तू हातात पडली की ते भीत नाही, आणि ती हरवली तर बाईही रागावत नाहीत. महागाचे साधन कपाटात राहते. फुकटचे साधन मुलाच्या मुठीत राहते.

पुढे १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाड टेकडीवर वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. तेथे आणखी एक अडचण दिसली. मोठी बहीण शाळेत येऊ शकत नसे, कारण कडेवर धाकटे भावंड. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असत आणि मुले तेथेच शिकत. सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ साली, देशभर एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. अनुताईंनी १९९२ साली देह ठेवीपर्यंत कोसबाडचे काम सांभाळले.

आता सुरतेकडे वळू. उधना, लिंबायत, पांडेसरा येथील वस्त्यांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. बाप मागावर, आई घरी साड्यांना लेस आणि टिकल्या लावीत बसलेली, आणि पायाशी दोन-अडीच वर्षांचे मूल. हेच मूल रविवारी आपल्या शब्बाथ शाळेत मोठ्या भावंडाच्या कडेवरून येते. बहुधा आपण त्याला एका कोपऱ्यात गप्प बसवितो, कारण त्याला देण्यासाठी वर्गात काही नसते. वर्गणीतून खेळणी घ्यावीत तर पैसे पुरत नाहीत. ताराबाईंनी शिंपले उचलले. सुरतेत उचलायला कापडाची कात्रणे आहेत.

महिला मंडळाच्या एका दुपारी तीन वस्तू सहज शिवता येतील. पहिली, स्पर्शाची पिशवी. सहा प्रकारच्या कापडांचे वीतभराहून लहान असे दोन-दोन चौकोन कापावेत. सुरतेचे कृत्रिम रेशमी कापड गुळगुळीत लागते, जुने सुती धोतर मऊ लागते, गोणपाट खरबरीत लागते. त्यात मखमल, लोकर आणि खादी घालावी. कडा दुमडून धावदोरा घातला की झाले. दुसरी, बटणांची पट्टी. जाड सुती कापडाचे दोन पदर, मोठी पाच बटणे आणि त्यांना सैल काजे. तिसरी, आकड्यांच्या उशा : एकीवर एक फूल शिवलेले, दुसरीवर दोन, अशा पाचापर्यंत. त्यांत चिंचोके किंवा वाल भरू नयेत. टाका उसवला तर मूल दाणा तोंडात घालते आणि तो घशात अडकतो. चिंध्याच भराव्यात. बटणे दुहेरी दोऱ्याने पक्की शिवावीत, दर रविवारी ओढून पाहावीत आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती पट्टी दिली तर जवळ बसावे. खेळणी धुण्याजोगी असावीत हे तर आलेच.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी आणखी एक करावे. पिशवी तयार झाली की ती वर्गात ठेवून मुलांची वाट पाहू नये. आठवड्यातून एक संध्याकाळ ती घेऊन वस्तीतल्या एखाद्या ओट्यावर जाऊन बसावे. शेजारच्या घरातील मूलही येईल, ते कोणाचे हे विचारू नये. यापोच्या दुर्कसेने शिवलेले अंगरखे विधवांनी रडत रडत पेत्राला दाखविले, हे आपण मुलांना सांगतो. आपल्या मंडळीतील सुईदोराही एखाद्या लहानग्याच्या बोटांना आठवत राहील असे काही शिवू शकेल. कात्रणे गोळा करण्यास या रविवारपासूनच लागावे.