झिजलेल्या नाण्यांचा गणिती

केळापूरच्या जगदंबेचे नवरात्र आटोपले की दानपेटीतली चिल्लर पांढरकवड्याला आमच्या शाखेत यायची. मी तेव्हा नवाच अधिकारी होतो. मोजता मोजता रात्र होई, म्हणून हेडकॅशिअर एक युक्ती करत. चार आण्यांची शंभर नाणी मोजून एका पारड्यात टाकायची आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची भरायची. पण हिशेब एखाद्या नाण्याने चुकायचाच. जुनी नाणी झिजलेली असत ना! त्या झिजेचा मला फार राग येई. पुढे दामोदर धर्मानंद कोसंबींविषयी वाचले तेव्हा कळले, की या माणसाने त्या झिजेतूनच इतिहास वाचला होता.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित. त्यांच्याबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले. बनारस, अलीगढ आणि मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज अशी नोकरी झाली. १९४५ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. राहणे मात्र पुण्यातच. रोज डेक्कन क्वीनने जा-ये.

आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण पेशाने ते गणिती. १९४३ च्या एका निबंधात त्यांनी दाखवले, की वेड्यावाकड्या, यदृच्छेने हलणाऱ्या आलेखाची फोड काही मूळ आकारांत करता येते आणि त्या आकारांना महत्त्वाच्या क्रमाने लावता येते. पहिले थोडे आकार घेतले तरी बरेचसे चित्र हाती येते. कारहुनेन आणि लोएव्ह हे युरोपातले गणिती याच ठिकाणी थोडे मागाहून पोचले आणि पद्धतीला नाव त्यांचे मिळाले. वाऱ्यापाण्यातले भोवरे अभ्यासणारे शास्त्रज्ञ ती आजही वापरतात. १९४४ चे त्यांचे एक सूत्र आनुवंशशास्त्रात मात्र कोसंबींच्याच नावाने चालते.

याच संख्याशास्त्राने त्यांनी तक्षशिलेची चांदीची आहत नाणी तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. सरासरी वजन उतरते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. मागच्या बाजूला तपासनिसांनी मारलेल्या बारीक खुणा जितक्या जास्त, तितके नाणे हलके. त्यावरून कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची, हा क्रम लावता आला.

पुढचा भाग अवघड आहे. १८५९ मध्ये रीमान या जर्मन गणितीने मूळ संख्यांच्या विखुरणीविषयी एक अनुमान मांडले होते. त्याच्या सिद्धतेकडे कोसंबी संभाव्यतेच्या वाटेने निघाले. मूळ संख्यांकडे त्यांनी यदृच्छेची रांग म्हणून पाहिले आणि १९५९ मध्ये शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात लेख छापला. तो दावा टिकला नाही. संस्थेशी संबंध आधीच बिघडले होते, त्यात याची भर पडली. १९६२ मध्ये त्यांचा करार वाढवला गेला नाही. ते खचले नाहीत, पण दावाही सोडला नाही. पुढचे काही निबंध त्यांनी ड्युक्रे या टोपणनावाने छापले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात ते झोपेतच गेले. वय अवघे अठ्ठावन्न.

त्याच सुमारास दुसरीकडे एक नवल आकार घेत होते. जड अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्या समजाव्यात म्हणून विग्नर या भौतिकशास्त्रज्ञाने यदृच्छेने भरलेल्या आकड्यांचे चौकोनी तक्ते, म्हणजे यादृच्छिक सारण्या, वापरल्या होत्या. राजस्थानातून फ्रान्सला गेलेले मदनलाल मेहता यांनी त्यावरचा मूलग्रंथ १९६७ मध्ये लिहिला. १९७२ मध्ये प्रिन्स्टनला चहाच्या वेळी तरुण माँटगोमेरी आणि डायसन यांचे बोलणे झाले. रीमानच्या शून्यांमधील अंतरांचे सूत्र आणि त्या सारण्यांचे सूत्र एकच निघाले! म्हणजे यदृच्छेचा आणि मूळ संख्यांचा खोल नातेसंबंध आहे खरा. याने कोसंबींची सिद्धता बरोबर ठरत नाही. रीमानचे अनुमान आजही सिद्ध झालेले नाही. पण यदृच्छेकडे पाहण्याची त्यांची ओढ वेडगळ नव्हती, एवढे नक्की.

बँकेत एक नोंद चुकली तर आम्ही तिच्यावर लाल शाईने रेघ मारत असू. अख्खी खातेवही कुणी फाडत नसे. माणसांच्या बाबतीत मात्र आपण चटकन फाडून मोकळे होतो. त्या नवरात्रातल्या चिल्लरीची मला आता आठवण येते. जे नाणे खूप हातांतून फिरले, तेच तर झिजले होते.