पच्चैयप्पा मुदलियार : एका दानाची कहाणी

कावेरीच्या खोऱ्यात कुंभकोणम आणि तंजावर यांच्या दरम्यान पापनाशम हे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस या मुलखावर भोसले कुळातील अमरसिंह महाराज राज्य करीत होते. त्या काळी येथील दरबाराशी आर्थिक व्यवहार करणाऱ्या धनिकांत मद्रासचे पच्चैयप्पा मुदलियार अग्रगण्य होते.

त्यांचा जन्म १७५४ सालचा. जन्मापूर्वीच पितृछत्र हरपलेल्या या मुलाला नारायण पिल्ले या मद्रासच्या दुभाष्याने आश्रय दिला. इंग्रजांचे देशी लोकांशी होणारे व्यवहार सांभाळणारा मध्यस्थ म्हणजे दुभाषी. तीच विद्या आत्मसात करून पच्चैयप्पांनी स्वकर्तृत्वाने अपार संपत्ती मिळवली आणि देवालये व अन्नदान यांसाठी ती मुक्तहस्ताने वेचली. चिदंबरमच्या नटराज मंदिरालाही त्यांच्या दानाचा लाभ झाला.

प्रकृती ढासळल्यावर २२ मार्च १७९४ रोजी कुंभकोणम येथे त्यांनी मृत्युपत्र केले व आपले धन धर्मकार्यासाठी ठेवले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस तिरुवैयारू येथे, वयाच्या चाळिशीतच, त्यांची प्राणज्योत मालवली.

दाता गेला आणि दान पोरके झाले. ज्यांच्या हाती ते सोपवले होते, त्यांच्याकडून दात्याची इच्छा पुरी झाली नाही. वारसांचे कलह माजले, वर्षांमागून वर्षे गेली आणि देवाधर्माचा पैसा कज्ज्यांत अडकून पडला. अखेर मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने या निधीची दखल घेतली. ॲडव्होकेट जनरल जॉर्ज नॉर्टन यांनी त्याच्या विनियोगासाठी विशेष परिश्रम घेतले. निधी नव्या विश्वस्त मंडळाकडे आला. दात्याने नेमलेली धर्मकृत्ये चालवून उरणारी रक्कम शिक्षणाकडे वळवण्यात आली. १८४२ साली मद्रासमध्ये पच्चैयप्पांच्या नावाने शाळा उघडली. पुढे तिचेच महाविद्यालय झाले. गणिती श्रीनिवास रामानुजन आणि मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई हे त्याचे विद्यार्थी होत.

विश्वस्त हा धनाचा स्वामी नव्हे, राखणदार होय, हे तत्त्व या प्रकरणातून ठळक होते. पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ नेही सार्वजनिक धर्मादाय संस्थेचा कर्तव्यच्युत विश्वस्त दूर करून नवा नेमण्याचा अधिकार न्यायालयास दिला. महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांनाही १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम हीच जबाबदारी सांगतो.

पच्चैयप्पांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाची शाळा उघडण्यास अठ्ठेचाळीस वर्षे लागली. या अवधीत किती मुलांच्या पिढ्या त्या दानाला मुकल्या, याची गणती कोणत्याही निवाड्यात नाही. दान देण्यास औदार्य पुरते. ते टिकवण्यास मात्र पिढ्यान्‌पिढ्या चोख हिशेब आणि जागरूक माणसे लागतात. शाळेच्या भिंती त्यांच्याच आधाराने उभ्या राहतात.