नात्यांच्या शब्दांतून इतिहास वाचणाऱ्या इरावतीबाई

भगिनींनो, मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र असावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी डॉ. इरावती कर्वे यांचे चरित्र निवडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा जसे वाचले आणि समजले, तसे लिहीत आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या आसपास वेरूळ, अजिंठा, पैठण ही स्थळे आहेत. पाहुणे आले की आपण त्यांना लेणी दाखवतो. जुन्या काळचे लोक कसे राहत होते, हे दगडांवरून, नाण्यांवरून, शिलालेखांवरून कळते, एवढे आपल्याला ठाऊक असते. परंतु आपण सासूला काय म्हणून हाक मारतो यावरूनही मागच्या पिढ्यांची चालरीत कळते, हे सहसा मनात येत नाही. इरावतीबाईंनी आयुष्यभर अशाच गोष्टींचा अभ्यास केला.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीस होते. तिकडच्या मोठ्या नदीवरून मुलीचे नाव इरावती ठेवले. सातव्या वर्षी तिला पुण्यास हुजूरपागेत शिकायला ठेवले. तेथे रँग्लर परांजपे यांच्या शकुंतला या मुलीशी मैत्री जमली आणि त्या घरी ती लेकीसारखी वाढली. घरात ग्रंथ पुष्कळ आणि चर्चाही मोकळी. फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकून १९२८ साली एम. ए. झाल्या. त्यांचा विवाह महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी झाला.

त्याच साली त्या जर्मनीस निघाल्या. स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या सासऱ्यांनाही सुनेने इतक्या दूर जावे हे पसंत नव्हते. पण दिनकरराव पाठीशी उभे राहिले.

बर्लिनमध्ये प्राध्यापक फिशर यांच्या हाताखाली त्यांना मानवी कवट्या मोजण्याचे काम मिळाले. गोऱ्या लोकांच्या कवटीची ठेवणच वेगळी असते आणि म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ ठरते, अशी त्या गुरूंची कल्पना होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या नीट मोजल्या. दोन बाजूंचा थोडा कमीजास्तपणा सगळ्याच लोकांत सापडला. वंशाशी त्याचा संबंध दिसला नाही. आपली पदवी गुरूंच्या हाती, मुलूख परका, आणि वर्ण सावळा म्हणून हिणवणाऱ्यांच्या देशात आपण एकट्या! तरीही जे दिसले तेच त्यांनी लिहिले. त्यांना डॉक्टरेट मिळाली. हेच फिशर पुढे हिटलरच्या राजवटीत वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते झाले. ते ध्यानात घेतले, म्हणजे या तरुण मुलीच्या प्रामाणिकपणाची किंमत कळते.

परत आल्यावर काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठाच्या कारभाराचे काम केले. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन केले. गुजरातेत लांघणज येथे डॉ. सांकलिया यांच्याबरोबर उत्खननात भाग घेऊन अश्मयुगातल्या माणसांच्या सांगाड्यांचा अभ्यास केला. एकीकडे संसार आणि तीन मुले. दुसरीकडे गावोगाव हिंडणे, माणसांची मापे घेणे, नात्यागोत्यांची माहिती विचारणे. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई त्याच, असे सांगतात.

भारतातील नात्यांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला. त्यातले मर्म आपल्या घरचेच उदाहरण घेऊन सांगते. मुलाला मामाची मुलगी करावी, ही आपल्याकडची जुनी चाल. त्या मुलीच्या बाजूने पाहिले, तर ती आपल्या आत्याच्याच घरी सून होऊन जाते. म्हणून सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणण्याची रीत पडली. आता प्रत्यक्ष नाते नसले, तरी शब्द राहिला. उत्तरेत मात्र मामाची मुलगी म्हणजे बहीणच; तिथे लेक अनोळखी घरी जाते आणि वडीलधाऱ्यांसमोर तोंडावर पदर घेते. आमच्या गल्लीतील मारवाडी वहिनींना आपली मामेबहिणीची लग्ने ऐकून नवल वाटते, ते यामुळेच. महाराष्ट्रात उत्तरेची आणि दक्षिणेची रीत एकमेकींत मिसळली आहे, असे इरावतीबाईंनी दाखवले.

जातींचाही त्यांनी असाच शोध घेतला. कुंभार म्हणजे एकच जात, असे आपण समजतो. पण महाराष्ट्रात थोरल्या चाकाचे आणि लहान चाकाचे असे वेगवेगळे कुंभार असून त्यांच्यात सोयरीक होत नसे. एका मोठ्या जातीचे तुकडे पडले असे नव्हे, तर वेगवेगळे गट एका धंद्यामुळे एका नावाखाली आले, असे त्यांचे मत होते. मापांवरून वंश ठरवण्याची पद्धत आता मागे पडली आहे. पण लोकांत जाऊन विचारण्याची त्यांची रीत आजही कामाची आहे.

पंढरीच्या वारीतही त्या चालत गेल्या. एकाच विठोबाचे भक्त, पण दिंडीत जेवणाच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या, हे पाहून त्यांना वाईट वाटले आणि ते त्यांनी लपवले नाही. १९६७ साली आलेल्या युगान्त या पुस्तकात गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे त्यांनी हाडामांसाच्या बायका म्हणून पाहिले. त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी त्यांनी अखेरच्या वर्षांत केली. ती वाचताना मला माझ्या आत्याबाईंची आठवण झाली. त्यांचे माहेर नाथसागराच्या पाण्याखाली गेले. दिवाळीला जायचे गावच उरले नाही, हे दुःख धरणाच्या हिशेबात कोठे मांडायचे? इरावतीबाईंनी उठलेल्या माणसांना भेटून त्यांचे पुढे काय झाले हे विचारले, म्हणून ते कागदावर राहिले.

११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, आपल्या मंडळात ऐंशी वर्षांच्या आजी आहेत. नात्यांना कोणती नावे होती, कोणत्या गावाशी सोयरीक करीत, जात्यावर काय म्हणत, हे त्यांच्याखेरीज कोणाला सांगता येणार नाही. येत्या वर्षी आपण एक वही घालू आणि प्रत्येकीने एका आजीकडून ऐकलेले तीत लिहून ठेवू. लेण्यांतील दगड हजार वर्षे टिकले, पण आजींच्या तोंडचे शब्द त्यांच्याबरोबरच जातात.