पिकांच्या रोगांचा तपासनीस

काल संध्याकाळपर्यंत हिरवेगार असलेले टोमॅटोचे झाड आज भर दुपारी मान टाकते. पान पिवळे नाही, कीड दिसत नाही, पाण्याची कमतरता नाही. शेतकरी हाताशी असेल ते बुरशीनाशक मुळाशी ओततो. पण रोग बुरशीचा नसेल तर पैसा आणि पीक दोन्ही जाते. अशा झाडाच्या खोडाचा तुकडा कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरला, तर कधीकधी दुधासारखी बारीक धार खाली उतरते. ती जीवाणूंची धार! हे जीवाणू कोणते, ते आज प्रयोगशाळेतील जनुकीय चाचणी काही तासांत सांगते. मात्र जीवाणूंमुळे वनस्पतींना रोग होतो, हेच मुळी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातील अनेक पंडितांना मान्य नव्हते. त्यांच्याशी पुराव्यानिशी झुंजलेला शास्त्रज्ञ म्हणजे अर्विन फ्रिंक स्मिथ.

स्मिथ यांचा जन्म २१ जानेवारी १८५४ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. पुढे कुटुंब मिशिगनमध्ये गेले. शिक्षण रखडत झाले. विद्यापीठाची पदवी हाती आली ती १८८६ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्याच वर्षी ते वॉशिंग्टनला सरकारी कृषी खात्यात रुजू झाले.

पहिलेच काम अवघड निघाले. पीच फळाच्या बागा एका पिवळ्या रोगाने उजाड होत होत्या. रोगट झाडाचा डोळा भरला की निरोगी झाडालाही रोग होतो, हे स्मिथ यांनी सिद्ध केले. पण कारण काही सापडेना. त्यांनी ते सापडल्याचा आव आणला नाही. प्रयोगशाळेत वाढवता न येणाऱ्या फायटोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवांचा शोध १९६७ साली जपानमध्ये लागला, तेव्हा कुठे अशा रोगांचा उलगडा झाला.

मग स्मिथ भाजीपाल्याकडे वळले. काकडीवर्गीय वेलींची मर, बटाटा-टोमॅटो-वांग्याची मर, कोबीची काळी कूज, अशी एकेक प्रकरणे त्यांनी हाती घेतली. पद्धत एकच. रोगट झाडातून जीवाणू वेगळा करायचा, शुद्ध स्वरूपात वाढवायचा, सुईने निरोगी झाडात टोचायचा, आणि तोच रोग दिसला की त्या झाडातून पुन्हा तोच जीवाणू मिळवायचा. बटाटा-टोमॅटोच्या मर रोगाचा जीवाणू त्यांनी १८९६ साली नोंदवला.

जर्मनीतील आल्फ्रेड फिशर यांना हे पटेना. वनस्पतीच्या बंद पेशींत जीवाणू शिरणार कसे, असा त्यांचा आक्षेप होता. जर्मन नियतकालिकातून दोघांचा वाद रंगला. १९०१ पर्यंत स्मिथ यांनी प्रयोगांच्या नोंदी आणि सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेली छायाचित्रे यांचा ढीगच पुढे ठेवला. वाद संपला, वनस्पतींच्या जीवाणूशास्त्राला अधिष्ठान मिळाले. त्या काळी स्त्रियांना संशोधनाची दारे क्वचितच उघडत. स्मिथ यांच्या प्रयोगशाळेत मात्र अनेक स्त्री-शास्त्रज्ञ घडल्या.

१९०७ साली सहकारी टाउनसेंड यांच्यासह त्यांनी झाडांच्या खोडावर गाठी आणणारा जीवाणू शोधला. या गाठींत त्यांना माणसाच्या कर्करोगाचे प्रतिबिंब दिसले आणि त्या कल्पनेमागे ते बरेच दूर गेले. तो तर्क टिकला नाही. परंतु हा जीवाणू आपल्या जनुकांचा तुकडा वनस्पतीच्या पेशीत घालतो, हे १९७७ साली सिद्ध झाले आणि त्यातूनच वनस्पतींच्या जनुक अभियांत्रिकीला वाट मिळाली.

६ एप्रिल १९२७ रोजी स्मिथ यांचे निधन झाले. त्यांनी एक मानलेल्या मर रोगाच्या जीवाणूच्या आता, जनुकीय तुलनेनंतर, तीन प्रजाती मानल्या जातात. बियाणे किंवा रोपे शेतात येण्यापूर्वीच छुपा संसर्ग हुडकणे चाचणीमुळे शक्य झाले आहे. तरी एक गोष्ट विसरता कामा नये. नेहमीची पीसीआर चाचणी मेलेल्या जीवाणूचीही खूण पकडते. तो तिथे होता एवढेच ती सांगते. रोग त्यानेच केला का, याचे उत्तर नवा रोग आला की आजही निरोगी झाडात जीवाणू टोचूनच मिळवावे लागते. तिथे स्मिथ यांची सुई अजून निवृत्त झालेली नाही.