मायदानेकचे संसारी धर्मगुरू

फादर ओमेलियान कोव्च हे कॅथलिक धर्मगुरू होते आणि सहा मुलांचे वडीलही. कॅथलिक धर्मगुरू म्हणजे आजन्म ब्रह्मचारी, असे गृहीत धरणाऱ्याला हे विधान चुकीचे वाटेल. परंतु ब्रह्मचर्याची सक्ती आहे ती रोमच्या लॅटिन परंपरेत. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने तेथे धर्मगुरूंचा विवाह अवैधच ठरविला. पोपचे नेतृत्व मानूनही आपली पूर्वापार उपासनापद्धती जपणाऱ्या युक्रेनच्या ग्रीक कॅथलिक चर्चमध्ये मात्र विवाहित पुरुषाला दीक्षा मिळत आली आहे. विवाह दीक्षेपूर्वी झालेला असावा, एवढीच अट. बिशपपद तेवढे अविवाहितांसाठी राखीव.

कोव्च यांचा जन्म १८८४ साली कार्पेथियन पर्वतराजीतील कोस्माच या गावी झाला. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. वडील धर्मगुरूच. रोममध्ये शिक्षण, मारिया-आना यांच्याशी विवाह आणि १९११ मध्ये दीक्षा, असा क्रम झाला. बोस्नियातील युक्रेनी स्थलांतरितांमध्ये आणि पुढे १९१९ मध्ये युक्रेनी सैन्यात सेवा करून ते ल्विव्हजवळच्या पेरेमिश्ल्यानी गावी स्थिरावले. गावात ज्यूंची वस्ती मोठी, शिवाय पोलिश आणि युक्रेनी. सत्ता पोलंडची असल्याने युक्रेनी बाण्याच्या या धर्मगुरूच्या घराची झडती नित्याचीच झाली.

याच काळात ग्रीक कॅथलिकांमध्ये ब्रह्मचर्याचा वाद पेटला. स्तानिस्लावीवचे बिशप ह्रिहोरी खोमिशिन यांनी नव्या उमेदवारांवर ब्रह्मचर्य सक्तीचे केले. बायकामुलांची चिंता असलेला माणूस संकटकाळी सर्वस्व पणाला लावणार नाही, हा सक्तीच्या समर्थकांचा जुना युक्तिवाद. विरोधक म्हणत, धर्मगुरूंच्या घरांतूनच युक्रेनी समाजाचा सुशिक्षित वर्ग घडला. ती घरेच मिटविणार काय? ल्विव्हचे मेट्रोपोलिटन आंद्रेय शेप्टित्स्की स्वतः मठवासी संन्यासी. पण त्यांनी आपल्या प्रांतात ही सक्ती केली नाही. पेरेमिश्ल्यानी त्यांच्याच अधिकारक्षेत्रात होते.

संकटकाळ १९३९ मध्ये आला. सोव्हिएत सैन्य गावात शिरल्यावर काही युक्रेनी लोकांनी पोलिश शेजाऱ्यांची घरे लुटली. ज्या पोलिश राजवटीने छळले, तिच्याच लोकांची बाजू घेऊन कोव्च यांनी आपल्या अनुयायांना खडसावले. १९४१ मध्ये जर्मन आले. ज्यू आत असताना सिनेगॉगला आग लावण्यात आली, तेव्हा कोव्च धावत गेले, अस्खलित जर्मन भाषेत सैनिकांना दरडावले आणि लोकांना बाहेर काढू लागले. पुढे जीव वाचविण्यासाठी बाप्तिस्म्याचे दाखले मागणाऱ्या ज्यूंची रीघ लागली. नाझींची मनाई असतानाही त्यांनी ६०० हून अधिक जणांना बाप्तिस्मा दिला, असे सांगितले जाते. या मागणीत श्रद्धा किती आणि भय किती, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण दार त्यांनी बंद केले नाही.

डिसेंबर १९४२ मध्ये गेस्टापोने त्यांना पकडले. पुन्हा असे करणार नाही, अशी हमी त्यांनी दिली नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये त्यांची रवानगी मायदानेकच्या छावणीत झाली. घरची माणसे आणि शेप्टित्स्की सुटकेसाठी खटपट करीत होते. ती थांबवा, असे त्यांनी छावणीतून घरी कळविले. मरणाऱ्यांत ज्यू, पोलिश, युक्रेनी, रशियन, सारेच होते. त्यांच्यासाठी प्रार्थना करणारा तेथे आपल्याखेरीज कोणी नाही, हे त्यांचे कारण. लपूनछपून पापनिवेदन ऐकणे, मरणासन्नांना धीर देणे हे काम त्यांनी सोडले नाही.

ब्रह्मचर्याच्या समर्थकांचा अंदाज येथे साफ चुकला. संसाराने या माणसाचे पाऊल अडविले नाही. तथापि त्यांच्या युक्तिवादातले एक काटेरी सत्य शिल्लक राहतेच. या निर्णयाची किंमत पत्नीने आणि मुलांनीही मोजली आणि त्यांना ती मान्य नव्हती. ती तर त्यांना घरी आणू पाहत होती. कोव्च यांच्या गौरवपर लेखनात हा भाग बहुधा चटकन ओलांडला जातो.

२५ मार्च १९४४ रोजी मायदानेकमध्येच त्यांचा मृत्यू झाला. बिशप खोमिशिन १९४५ च्या अखेरीस कीव्हच्या सोव्हिएत तुरुंगात मरण पावले. २७ जून २००१ रोजी ल्विव्ह येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी या दोघांनाही हुतात्मे म्हणून एकाच सोहळ्यात धन्यवादित घोषित केले. २००९ मध्ये युक्रेनच्या ग्रीक कॅथलिक चर्चने कोव्च यांना आपल्या सर्व पाळकांचे, संसारी आणि ब्रह्मचारी दोघांचेही, आश्रयदाते मानले.