वाटाण्याच्या रोपावर गिरवला सिनेमाचा पहिला धडा. चाळिशीत विद्यार्थी झालेले दादासाहेब फाळके

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके म्हणजेच दादासाहेब फाळके. भारतीय सिनेमाचे जनक म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण सिनेमा ते शिकले कुठे, हे फारसे कुणाला माहीत नसते. कारण तेव्हा आपल्याकडे सिनेमा शिकवणारी शाळाच नव्हती.

मुंबईच्या जे. जे. कला शाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, फोटोग्राफी असे बरेच काही शिकून घेतले. गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेले. नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छपाईचा धंदा केला. भागीदारांशी पटेना म्हणून तोही सोडला.

अशात मुंबईत येशू ख्रिस्तावरचा मूकपट त्यांच्या पाहण्यात आला. आपले देवही असेच पडद्यावर दिसले पाहिजेत, या विचाराने त्यांना झोप लागेना. रोज सिनेमे बघ, पुस्तके वाच, घरी प्रयोग कर, असा सपाटा लावला. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. उपचाराने नजर परत आली आणि काम पुन्हा सुरू झाले.

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तिथे ओळखपाळख कुणाशी नव्हती. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना ते थेट जाऊन भेटले. कॅबर्न यांनी त्यांची गाठ निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते, हे फाळक्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडायचे यंत्र घेऊन १ एप्रिल १९१२ ला ते परतले.

खरा अभ्यास घरी झाला. कोऱ्या फिल्मच्या कडेला एकसारखी छिद्रे पाडावी लागत. त्यात जरा चूक झाली की पडद्यावर चित्र हलणार. हे काम अंधारात करावे लागे आणि ते पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. फिल्म धुण्यातही त्या तयार झाल्या.

पण भांडवल कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेतले. पडद्यावर दाण्यातून रोप भराभर वर येताना दिसले. ही 'अंकुराची वाढ' पाहून फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंत नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिनेही दिले.

मग दादरच्या घरीच स्टुडिओ उभा राहिला. त्र्यंबकचे जुने मित्र त्र्यंबक तेलंग यांना फाळक्यांनी कॅमेरा चालवायला शिकवले. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. एवढ्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे होताच. वर शूटिंगच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून कलाकारांवर उजेड पाडायचे कामही त्या करत.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि पुढचे सिनेमे तिथे काढले. 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट काढून त्यांनी पडद्यामागचे काम लोकांनाही दाखवले.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. शेवटची वर्षे ओढगस्तीत गेली. आज गावोगावी पोरांच्या हातातल्या मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. फाळक्यांनी सुरुवात केली ती घरातल्या एका कुंडीपासून.